दमदार गाडी बाळगणं: नाद किती, भरवसा किती? (अनुभव धागा)

जास्त ताकदीची गाडी घ्यायचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, आयुष्यात एकदा घ्यावीच. दुसरे म्हणतात, रस्त्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त दिसेल. या दोघांतल्या बहुतेकांनी अशी गाडी वर्षानुवर्षं स्वतः वापरलेली नसते. म्हणून हा धागा. ज्यांनी ती वापरली, दुरुस्त केली, विकली किंवा अजून जपली आहे, त्यांनी लिहावं. नुसती स्तुती नको आणि ऐकीव तक्रारही नको. बिघाड सांगताना कंपनीचं नाव दिलं नाही तरी चालेल, पण तो कशामुळे झाला ते नीट लिहा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या कामी येईल.

सुरुवात माझ्यापासून करते. माझी होंडा एस२००० आहे, १९९९ साली आली त्या पहिल्या आवृत्तीतली. दोन लिटरचं इंजिन, टर्बो (जास्तीची हवा दाबून इंजिनात भरणारा भाग) नाही आणि टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरवर, लाल रेघ ९,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या). खालच्या फेऱ्यांत ही गाडी अगदी साधी वाटते. ६,००० च्या आसपास व्हीटेकचा (व्हॉल्व्ह किती उघडायचे ते बदलणारी होंडाची यंत्रणा) दुसरा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा, लागतो, व्हॉल्व्ह जास्त उघडतात, आवाज एकदम कडक होतो आणि तिथून लाल रेघेपर्यंत ती खेचतच राहते. मला ती आवडते ती नेमकी यासाठी, की ताकद आयती मिळत नाही. योग्य गिअर, योग्य फेऱ्या आणि योग्य क्षण आपण निवडायचा. तो जुळला की दिवसभर मन भरलेलं राहतं.

आता भरवशाचं. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ८४ मिमी आहे, म्हणजे ९,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या वर जातो. एवढ्या धावपळीत धातूला धातूपासून दूर ठेवतो तो फक्त तेलाचा पातळ थर. म्हणून तेल तापल्याशिवाय मी गाडी वर नेत नाही. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं अनेकांना वाटतं, पण तेल पाण्याच्या बरंच मागून तापतं. पेट्रोल भरताना दर वेळी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघते, कारण एवढ्या फेऱ्यांची इंजिनं थोडं तेल पितातच. इंजिन आजवर उघडावं लागलेलं नाही.

होंडा एनएसएक्स, पहिली पिढी

वर होंडाचा विषय निघालाच आहे तर माझंही लिहितो. १९९० मध्ये ही गाडी आली तेव्हा सुपरकार म्हणजे जड क्लच, मागचं काही न दिसणं आणि तापलं की कुरकुर करणारं इंजिन, असं सगळे गृहीत धरून चालत. एनएसएक्सची पूर्ण बॉडी ॲल्युमिनियमची, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) टायटॅनियमचे, तीन लिटरचा व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन, ८,००० फेऱ्यांपर्यंत जाणारा, आणि तरीही समोरची काच मोठी, पेडल हलकं. फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेनाने ती विकसित होत असताना चालवली आणि बॉडी आणखी ताठ हवी असं सांगितलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गाड्यांचे रचनाकार गॉर्डन मरे यांची. मॅकलॅरन एफ१ ही सुपरकार घडवताना रोजच्या वापरातला सुखदपणा कसा असावा याचा नमुना म्हणून त्यांनी हीच गाडी समोर ठेवली होती.

मी ती कामावर जायला वापरतो. पाऊस असला तरी वापरतो. टायमिंग बेल्ट (कॅम फिरवणारा रबरी पट्टा), पाण्याचा पंप आणि सगळे होज (रबरी नळ्या) वयानुसार बदलले, बाकी तेल आणि फिल्टर. तीस वर्षांहून जुन्या गाडीत बसून किल्ली फिरवताना मनात शंका येत नाही, हे सुख मला तिच्या वेगापेक्षा मोठं वाटतं.

फेरारी एफ३५५

माझं थोडं वेगळं. या गाडीच्या ३.५ लिटर व्ही८ मध्ये एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आहेत आणि कॅम बेल्टवर फिरतात. बेल्ट बदलायचा तर इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी कितीही कमी चालली असली तरी रबराला वय असतं, त्यामुळे ठरावीक वर्षांनी हे काम टळत नाही. लोक याला बिघाड म्हणतात. हा बिघाड नाही, गाडीची रचनाच तशी आहे, आणि घेतानाच ते कळलेलं असतं. इंजिन खाली आलंच आहे तर मी क्लच, होज, सील, माउंट सगळं तपासून घेतो. ज्या जागी एरवी हात पोचत नाही तिथलं काम तेव्हाच होतं. पुढे २००४ च्या एफ४३० पासून फेरारीने व्ही८ ला चेन दिली आणि हा प्रश्न संपला. वापरलेली घेणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा.

एवढं करून का ठेवली? बोगद्यात खिडक्या खाली करून एकदा तिसऱ्या गिअरमध्ये ऐका.

एक मॅन्युअल व्ही८, टर्बो नसलेली

कंपनीचं नाव देत नाही. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग लवकर झिजतात असं मी घेण्याआधीच वाचलं होतं. बेअरिंग वाजायला लागल्यावर कळून उपयोग नसतो, तोवर क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, ओरखडे गेलेले असतात. म्हणून दर वेळी तेल बदलताना थोडं जुनं तेल प्रयोगशाळेत पाठवत आलो. अहवालात शिसं, तांबं, लोखंड किती ते येतं. एखादा आकडा एकदा जास्त आला तर घाबरायचं नाही, पण तो दर वेळी चढतच असेल तर समजून जायचं. माझ्या अहवालात शिसं आणि तांबं चढत गेलं. खालचा पॅन काढून बेअरिंग पाहिली तर वरचा मऊ थर घासून जाऊन खालचं तांबूस दिसत होतं. शाफ्ट स्वच्छ होता. नवीन बेअरिंग बसवली, गाडी पुन्हा पहिल्यासारखी चालते.

या प्रकाराने माझा गाडीवरचा विश्वास उलट वाढला. बिघाड कुठून येणार हे माहीत असलं की त्याच्या आधी तिथे पोचता येतं.

वर्कशॉपमधून

मी मालक नाही, मेकॅनिक आहे. अशाच गाड्यांवर काम करत आलोय, म्हणून आमच्या बाजूचं लिहितो.

गाड्या आमच्याकडे मुख्यतः उष्णतेमुळे येतात. मोठं इंजिन छोट्या जागेत कोंबलेलं, त्यात टर्बो लालबुंद तापणारा, आणि त्याच्याच शेजारी प्लॅस्टिकचे जोड, रबरी होज, वायरींवरची आवरणं. मुख्य इंजिन सहसा धडधाकट असतं. आधी जातो तो कूलंटच्या टाकीचा जोड, थर्मोस्टॅटचं घर, पाण्याचा पंप. हे भाग लहानसे, पण कूलंट गळून गेलं आणि गाडी तशीच पुढे रेटली तर हेड वाकतं. म्हणजे मरतं मोठं इंजिन, पण मारणारा असतो एक ठिसूळ झालेला तुकडा. काही वर्षं झालेल्या गाडीत हे सगळे भाग बिघडण्याआधी बदला, असं मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरं म्हणजे रिमॅप, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलणं. टोयोटाचं २जेझेड-जीटीई इंजिन बिडाच्या ब्लॉकचं, तीन लिटरचं. ते वाढवलेलं बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) सहन करतं म्हणून त्याचं नाव झालं. लोक तोच हिशोब प्रत्येक इंजिनाला लावतात. इंजिनाने सोसलं तरी क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि रेडिएटर मूळ ताकदीसाठीच बनलेले असतात. संगणकात आकडा वाढवायला फार वेळ लागत नाही. बाकीची गाडी त्या आकड्याला पुरेल अशी करायची तर मोठं काम असतं, आणि ते पूर्ण केलेल्या गाड्या मी फार थोड्या पाहिल्या.

वापरलेली घेताना काय बघावं असं बरेच जण विचारतात. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती गळतो ते) करून घ्या. मॅन्युअल असेल तर ईसीयूमधली (इंजिनाच्या संगणकातली) ओव्हर-रेव्हची, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त फेऱ्या झाल्याची, नोंद वाचून घ्या. पोर्शेच्या ईसीयूत ती टप्प्याटप्प्याने नोंदलेली असते आणि इंजिन किती तास चालल्यावर तसं घडलं तेही दिसतं. ॲक्सिलरेटर दाबून फेऱ्या जास्त झाल्या तर लिमिटर अडवतो. पण चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे लिमिटरचं काही चालत नाही. वरच्या टप्प्यांत ताजी नोंद असेल तर मी ती गाडी घेऊ नका म्हणून सांगतो, मग रंग कितीही चकचकीत असो.

टर्बो हॅचबॅक

माझी गाडी दिसायला कुटुंबाची, आतून भलतीच तरतरीत. पाच जण बसतात, सामान मावतं, आणि घाटात मोठ्या गाड्यांच्या मागे चिकटून राहते. बिघाड म्हणावा असा एकच. थंडीत सुरू होताना इंजिन थरथरायला लागलं, खालच्या फेऱ्यांना अडखळायला लागलं. कारण कळलं ते असं: डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ते पडतच नाही आणि तिथे साचणारा तेलाचा चिकटा धुतला जात नाही. तो कडक कार्बन होऊन बसतो. मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणारा नळ्यांचा भाग) काढून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारला, व्हॉल्व्ह चकचकीत झाले, इंजिन पुन्हा गुळगुळीत. टोयोटाच्या ८६ मध्ये दोन्ही ठिकाणी इंजेक्टर आहेत, तिथे हा त्रास बराच कमी. पुढची गाडी घेताना मी हे नक्की बघणार.

वडिलांची गाडी

बाबांनी त्यांची स्पोर्ट्स कार फार जपली. इतकी, की शेवटची काही वर्षं ती कव्हरखालीच होती. माझ्याकडे आली तेव्हा मीटरवर जेमतेम अंतर होतं आणि सगळे म्हणत होते, नवीनच आहे. सील सुकून आखडलेले, ब्रेकचे कॅलिपर अडकलेले, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर तुंबलेले. टायरची नक्षी पूर्ण शाबूत होती, पण रबर दगड झालं होतं. टायरच्या कडेला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मी तो वाचला आणि त्याच दिवशी चारही टायर काढले.

सगळं नीट करून घेतलं आणि आता ती नेमाने चालवते, तेल पूर्ण तापून आतली वाफ निघून जाईल एवढी लांब. तेव्हापासून काही बिघडलं नाही. कमी चाललेली गाडी म्हणून कोणी भुलत असेल तर त्याने माझं ऐकावं. बाबांना ती चालवताना पाहिलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

ट्रॅकवर नेणारा

ट्रॅक डेला (रेसिंगच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवसाला) जाणाऱ्यांसाठी एकच गोष्ट लिहितो, ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. रस्त्यावर फरक कळत नाही. ट्रॅकवर एकामागून एक जोरात ब्रेक मारले की ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीला टेकतं. इंजिनाबद्दल तासन्‌तास बोलणारे लोक मला भेटतात, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे त्यांना आठवत नाही. शेवटचा लॅप हळू मारून ब्रेक गार करा आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात.

विजेवरची

माझी पोर्शे टायकान आहे. तेल नाही, बेल्ट नाही, क्लच नाही; सर्व्हिसला गेलं की ब्रेक ऑइल, केबिन फिल्टर आणि तपासणी. मागच्या एक्सलला दोन गिअर आहेत आणि ८०० व्होल्टची रचना असल्याने लागोपाठ जोर काढला तरी ती दमत नाही, याचं मला फार कौतुक. वजन दोन टनांच्या वर असल्यामुळे टायर मात्र लवकर झिजतात. वर एफ३५५ वाल्यांनी आवाजाबद्दल लिहिलंय ते वाचून हेवा वाटला, ते सुख इथे नाही. पण पाऊल टेकवताच जो धक्का मिळतो, तसा पेट्रोलच्या कुठल्याच गाडीत मला मिळाला नव्हता.

विकणारा

माझी पाचशेच्या वर अश्वशक्तीची होती. कधीच बंद पडली नाही. तरी विकली, कारण दुसऱ्या गिअरमध्येच कायद्याची मर्यादा ओलांडली जायची आणि तिचं खरं रूप मला कधी भेटायचंच नाही. आता जुनी माझ्दा एमएक्स-५ आहे, टनाच्या आसपास वजन, ताकद बेताची. वळणावर ती पूर्ण वापरता येते.

धागाकर्ती

एमएक्स-५ बद्दल मनापासून सहमत. वर्कशॉपवाल्यांना एक विचारायचं आहे: ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं (दोन क्लच असलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) तेल आणि फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधी बदलावं का? ओल्या क्लचच्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या, प्रकारात क्लचची झीज त्याच तेलात उतरते, म्हणून माझा कल आधी बदलण्याकडे आहे. ज्यांनी असा गिअरबॉक्स बरीच वर्षं वापरला आहे त्यांनीही लिहावं, विशेषतः रहदारीत रांगत चालवणाऱ्यांनी.