मदत हवी आहे : वाफेच्या लहान इंजिनासाठी पातळ पितळी नळी चपटी न होता कशी वाकवावी?

नमस्कार. मी फोंड्याजवळ राहतो आणि एका मॉडेल बोटीसाठी वाफेचे लहान इंजिन तयार करीत आहे. सिलिंडर आणि बॉयलर यांचे काम झाले असून, वाफ आत नेणारी तांब्याची नळी आणि वापरलेली वाफ धुराड्यात सोडणारी पितळी नळी वाकवायची राहिली आहे. दोन्ही नळ्यांचा बाहेरचा व्यास ६ मिमी आहे. पितळी नळीच्या भिंतीची जाडी जेमतेम ०.४५ मिमी आहे. बोटीत जागा अपुरी असल्यामुळे काटकोनी वाकाची त्रिज्या, नळीच्या मध्यरेषेवर मोजल्यास, १५ मिमीपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

या त्रिज्येला नळीची बाहेरची बाजू सुमारे २० टक्के ताणली जाते आणि आतली बाजू जवळपास तितकीच दाबली जाते. कडक पितळ इतके ताणले तर तडकण्याची भीती असते, त्यामुळे नळी आधी तापवून मऊ करणे भागच आहे; मात्र मऊ केलेल्या पातळ भिंतीला आतून आधार नसेल, तर वाकाची बाहेरची बाजू खाली बसते आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळालेली स्प्रिंग पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीच्या नळीसाठी आहे. ती माझ्या नळीवर सैल बसते आणि वेटोळ्यांचे वळ उमटवते.

आधारासाठी वाळू भरावी, असे बहुतेक जण सुचवतात. आमच्याकडे समुद्राची वाळू सहज मिळते, पण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. ती गोड्या पाण्याने धुऊन, गाळून, तव्यावर भाजून घेता येईल. तरीही एखादा कण नळीत राहून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये गेला, तर घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर ओरखडे पडतील, ही माझी खरी चिंता आहे. साबणाचे पाणी भरून गोठवण्याची पद्धतही मी विचारात घेतली, परंतु इतक्या बारीक नळीतला बर्फ इथल्या हवेत वाक पूर्ण होईपर्यंत टिकेल, असे वाटत नाही. अशा कामासाठी राळ वापरलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपली चिंता रास्त आहे. वाफेच्या मार्गात वाळू नकोच, राळ वापरावी. नळी अंधाऱ्या जागी मंद लाल दिसेपर्यंत तापवावी, कारण उन्हात तो रंग ओळखता येत नाही आणि पातळ पितळ पाहता पाहता वितळू लागते. तांबे पाण्यात बुडवून थंड केले तरी चालते, पितळ मात्र हवेतच निवू द्यावे. मग एक टोक बंद करून, नळी कोमट ठेवून, वितळलेली राळ सावकाश ओतावी, म्हणजे मध्ये हवेचा बुडबुडा अडकणार नाही; जिथे बुडबुडा राहील, तिथेच नळी बसेल. नुसती राळ ठिसूळ असते, म्हणून तीत थोडे डांबर मिसळावे.

वाकवण्यासाठी लेथवर एक चाक करून घ्यावे. त्याची अर्धगोल खाच नळीच्या व्यासाला अगदी बरोबर जुळली पाहिजे, कारण खाच रुंद असली की नळीच्या कडा बाजूला पसरतात आणि मग आतला आधार कितीही चांगला असला तरी वाक चपटाच येतो. आपल्या मापाला खाचेच्या तळाशी चाकाचा व्यास २४ मिमी येईल. दोन्ही टोकांना जास्तीची सरळ लांबी ठेवून ती नंतर कापावी आणि वाक एकाच संथ ओढीत पूर्ण करावा. मध्येच नळी पुन्हा कडक झाली, तर राळ काढल्याशिवाय ती तापवू नये.

राळ काढताना उष्णता नेहमी उघड्या टोकाकडून मधल्या भागाकडे न्यावी. मधला भाग आधी तापला, तर फुगणाऱ्या राळेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पातळ भिंत फुटू शकते. आत उरलेला थर आधी स्पिरिटने आणि डांबराचा अंश टर्पेंटाइनने धुवावा; हे दोन्ही पदार्थ ज्वालाग्राही असल्याने नळी पूर्ण थंड झाल्यावर आणि ब्लोटॉर्च दूर ठेवूनच हे काम करावे.