छापून आलं ते आलं! कॉलेजच्या अंकांतल्या फजित्या (अनुभव धागा)

सोलापुरात शिकलात आणि कॉलेजच्या अंकाच्या भानगडीत कधी पडला असाल, तर एखादा किस्सा असणारच. वार्षिक अंक, विद्यार्थ्यांचं चार पानी वृत्तपत्र, काहीही चालेल. कॉलेजची आणि माणसांची नावं मात्र नकोत, यातली बरीच सर मंडळी अजून सात रस्त्याला भेटतात. भिंतीवरच्या हस्तलिखितातल्या चुका धरणार नाही. छापलेलंच सांगा.

डीटीपीवाली

संगणकावर पेजमेकर आणि श्रीलिपीत पानं लावायचा काळ. मुलं हाताने लिहिलेले कागद आणून द्यायची, समासात बारीक अक्षरात सूचना. आमच्याकडचा ऑपरेटर नवा होता, दिसेल ते टाइप करायचा. प्राचार्यांच्या मनोगतात, सहीच्या बरोबर वर, छापून आलं : ‘सरांचं अजून आलं नाही. मागच्या वर्षीचंच घे, साल तेवढं बदल.’

प्रूफ तिघांनी पाहिलं होतं. पण प्राचार्यांचं मनोगत कोण वाचतं? फोटो सरळ लागलाय ना, एवढं बघून तिघांनीही पान उलटलं. प्रकाशन झालं, हारतुरे झाले, चहा झाला. दोन-चार दिवसांनी एफवायच्या एका मुलीने ते पान नोटीस बोर्डाला लावलं. मग धावपळ. मजकुरावर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायचं ठरलं आणि खळ घेऊन सगळी समिती बसली. झालं काय, ज्यांनी मनोगत उघडलंही नव्हतं त्यांनीसुद्धा नखाने पट्टी सोलून वाचलं. आणि साल बदललेलं नव्हतंच.

पूर्व भागातला

आमच्या घरी ट्रेडल, म्हणजे छोटं छपाईयंत्र, होतं. आमच्या कंपोझिटर (अक्षरं जुळवणाऱ्या) मामांच्या घरात तेलुगू, पण मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याइतकं पक्कं मी कॉलेजातही कुणाचं पाहिलं नाही. उलटे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षर-ठसे, ते सरळ अक्षरांसारखे वाचायचे.

एका कॉलेजचं चार पानी आमच्याकडे यायचं. व्याख्यानाला कुणी थोर विचारवंत येणार, त्याची पहिल्या पानावर मोठ्ठी बातमी. प्रूफ स्वच्छ होतं, सरांची सहीही झाली. रात्री चौकट मशिनवर चढवताना ओळीतले दोन-तीन खिळे निसटून खाली पडले. मामा घरी गेलेले. मशिनवरच्या पोऱ्याने अंधुक दिव्यात खिळे गोळा केले आणि हाताला लागले तसे बसवले. ‘च’च्या जागी ‘क’ गेला. थोर विकारवंत!

सकाळी मामांनी गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला आणि चप्पलही न काढता मशिन बंद केलं. बाकीची छपाई नीट झाली, पण छापून झालेला कागद फेकायचा म्हणजे पैसे कुणी द्यायचे? दोन्ही गठ्ठे कॉलेजात गेले. व्याख्यात्यांच्या हातात कुठला पडला, हे आता सांगायला हवं का? लोक सगळं कंपोझिटरवर ढकलून मोकळे होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. शेवटच्या प्रूफानंतर काय होतं ते प्रेसच्या बाहेर कुणाला दिसतच नाही.

बी.कॉम.वाला

आमच्या अंकात मंडळाच्या खजिनदाराचा ‘खंजीरदार’ झाला होता. पुढे हिशेब बघितल्यावर कुणी दुरुस्ती मागितली नाही.

होटगी रोड

२००४ला सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. त्या वर्षीच्या आमच्या अंकात संपादकीय नव्या विद्यापीठाच्या स्वागताचं आणि त्याच पानावर, डोक्यावर, ‘शिवाजी विद्यापीठाशी संलग्न’. मागच्या वर्षीची फाइल उघडून त्यातच नवा मजकूर भरला की असंच होणार.

गंमत म्हणजे २०१९ला नाव बदललं तेव्हा माझा भाचा अंकात होता. ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ जुन्या चौकटीत मावेना, दुसरी ओळ खाली दडली आणि छापून आलं नुसतं ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर’. मी फोन केला तर म्हणतो, “मामा, चूक कुठाय बे? नाव तर बरोबर आहे की!”

इतिहासवाली

माझा किस्सा हसायचा नाही. जानेवारीत आम्ही सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर पान काढलं होतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांची नावं आम्ही दहादा तपासली. सालाकडे कुणी पाहिलं नाही. फाशीच्या तारखेत १२ जानेवारी १९३१ ऐवजी १९१३ छापलं गेलं, आणि त्याच पानावर १९३०च्या मार्शल लॉची हकीकत! म्हणजे फाशी आधी आणि मार्शल लॉ सतरा वर्षांनी.

बाळी वेशीतून एका आजोबांचं पोस्टकार्ड आलं. शिवी नाही, टोमणा नाही. ‘येरवड्याला फाशी झाली तेव्हा माझे वडील कापडाच्या गिरणीत होते. १९१३ साली ते शाळेतही जात नव्हते.’ आमच्या मॅडमनी कार्ड वर्गात वाचून दाखवलं आणि आम्हा दोघींना सरळ त्यांच्या घरी धाडलं.

आजोबांनी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढे केली, चष्मा लावला आणि लाल पेन्सिल घेऊन अख्खा अंक तपासून दिला. साल सोडून आणखी बऱ्याच चुका निघाल्या. त्यातली एक जाहिरातीत होती, चादरीच्या दुकानाच्या फोन नंबरात. त्या दुकानदाराने पुढच्या वर्षी जाहिरात दिली नाही.