सेलेस्ट: हायपर जमतो, पण डॅश परत का मिळत नाही?

गिरिकंद
'सेलेस्ट' हा व्हिडिओ गेम पूर्ण झाल्यापासून स्पीडरन घड्याळ (खेळायला लागलेली वेळ मोजणारे) चालू ठेवून पहिल्या सात प्रकरणांची वेळ कमी करण्याच्या मी मागे लागलो आहे. जमिनीवर तिरपा खाली डॅश (झटक्यात पुढे झेपावण्याची चाल, जी एकदा वापरली की जमिनीला टेकल्यावर परत मिळते) मारून लगेच उडी घेतली की हायपर, म्हणजे लांब वेगवान उडी, होते आणि वेगही मिळतो. मात्र हवेत गेल्यावर पुढचा डॅश पुष्कळदा शिल्लकच नसतो, आणि तो गृहीत धरून झेप घेतलेली असल्याने खेळाची नायिका मॅडलिन थेट काट्यांवर जाते. बटणे तीच, क्रमही तोच, तरी कधी तिचे केस लाल राहतात (डॅश शिल्लक) तर कधी निळे (डॅश संपलेला). असे का व्हावे? असिस्ट मोडमध्ये (खेळ सोपा करणाऱ्या पर्यायांत) गती कमी करून सराव करणे योग्य ठरेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

कातळकडा
यात नशिबाचा काही भाग नाही. निर्मात्यांनी मॅडलिनच्या हालचालींचा कोड जाहीर केलेला आहे आणि त्यातले आकडे पाहिले की उलगडा होतो. डॅश 0.15 सेकंद टिकतो. पण तो सुरू झाल्यापासून 0.1 सेकंद उलटेपर्यंत पाय जमिनीवर असले तरी नवा डॅश भरून येत नाही. आपण त्याआधीच उडी मारत असणार. जमिनीवरून हायपर करताना उडी किंचित उशिरा, डॅश संपत आला असताना घ्यावी. तेवढ्यात केस लाल झालेले असतात.

वेव्हडॅशची युक्तीही याच हिशेबावर उभी आहे. डॅश जमिनीच्या जरा वर, हवेतच सुरू केला की तो 0.1 सेकंदाचा थांबा बराचसा हवेत सरतो, आणि जमिनीला टेकताच उडी मारली तरी डॅश हाती राहतो. फार खालून सुरू केला तर मात्र पुन्हा तीच गत. 2019 साली आलेल्या 'फेअरवेल' या प्रकरणात खेळच हे तंत्र शिकवतो. तो भाग पुन्हा पाहावा.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. उडीचे बटण थोडे आधी दाबले तरी खेळ ते 0.08 सेकंद लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी देतो. एरवी ही सवलत जीव वाचवते, इथे तीच घात करते, कारण आपण घाई केल्याचे आपल्याला जाणवतही नाही.

सावकाश_पण_नक्की
वरील विवेचन अचूक आहे. असिस्ट मोडबद्दल मात्र माझे मत सावध आहे. गती 50 टक्क्यांवर आणली की 0.1 सेकंदाचा थांबा प्रत्यक्षात 0.2 सेकंदांचा होतो आणि बोटांना नेमकी चुकीची लय लागते. केस कोणत्या क्षणी लाल होतात हे एकदा डोळ्यांनी पाहून घेण्यापुरती कमी गती वापरावी. सराव पूर्ण गतीनेच करावा, आणि तोही अख्खे प्रकरण न खेळता, एकाच खोलीत.

गिरिकंद
दोघांचेही आभार. उडी थोडी लांबवल्यावर डॅश परत येऊ लागला आहे. पण आता हायपरनंतरचा वेग हवेत फार लवकर ओसरतो. याचे कारण काय असावे?

कातळकडा
उडीनंतर आपण दिशेचे बटण सोडत असाल. धावण्याचा वेग सेकंदाला 90 पिक्सेल आहे, तर हायपरचा सुरुवातीचा वेग 325, म्हणजे 320 पिक्सेल रुंदीच्या या खेळात सेकंदाला जवळजवळ एक पडदा. पुढची दिशा दाबून धरली तर हा जादा वेग हळू घटतो. बटण सोडले तर अडीचपट झपाट्याने. पुढच्या डॅशची तयारी म्हणून अंगठा मोकळा ठेवण्याची सवय अनेकांना असते. ती मोडावी, आणि नवा डॅश मारायच्या क्षणीच दिशा बदलावी.