घरखर्च लिहायची साधी सवय कशी लावावी?

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. खर्च करणारे तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. आमचे दोघांचे पैसे मोबाइलवरून जातात, सासूबाई भाजी, दूध, कामवाली सगळं रोखीत देतात. महिनाअखेर किती गेले ते कळतं, कशावर गेले ते नाही. बजेट इतक्यात नको, नुसती लिहायची सवय हवी आहे. अ‍ॅप घेऊ की वही?

प्रतिसाद १
ताई, वहीच. फ्रिजवर ठेवा, पेन दोरीने बांधून. बाहेरून आलेल्याने पिशवी रिकामी करायच्या आधी एक ओळ लिहायची: "बुधवार, भाजी-सांबार (कोथिंबीर) 140, आई". रकाने मुळीच पाडू नका. औषध कुठे, प्रवास कुठे यातच माणूस अडकतो आणि वही बंद पडते. महिनाभर नुसतं लिहा, मोठे खर्च कोणते ते आपसूक दिसतं. इतवारीतून किराणा भरला की दुकानाची चिठ्ठीच टाचून ठेवा. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असेल तर तिथेच राहू द्या. पाच-दहा रुपये जुळले नाहीत तर शोधत बसू नका.

प्रतिसाद २
वहीला अनुमोदन. पण "मोबाइलचं स्टेटमेंट आहेच" असं धरून चालू नका. यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठी अ‍ॅपमधलंच पाकीट, आधी पैसे भरून ठेवायचं) चालू असेल तर बँकेच्या पासबुकात फक्त त्यात भरलेली रक्कम दिसते. ऑटो, चहा, तर्री-पोहे हे एकेक व्यवहार अ‍ॅपमध्येच पाहावे लागतात. पैसे देताना शेऱ्याच्या जागी 'पेट्रोल', 'औषध' एवढा शब्द टाका आणि रविवारी वहीत उतरवून घ्या.

प्रतिसाद ३
मागचं एक पान वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांना ठेवा: गाडीचा विमा, मालमत्ता कर, कूलरच्या ताट्या, वर्षाचे गहू. आपल्याकडे एप्रिल-मे यानेच फुगतो. बेरजेला 12 ने भागलं की दरमहा किती बाजूला टाकायचे ते कळतं.

धागाकर्ती
खूप आभार, वही आजच आणते. एकच धाकधूक आहे, सासूबाईंना हिशेब मागितल्यासारखं तर वाटणार नाही ना?

प्रतिसाद १
वाटू शकतं, म्हणून आधी आठवडाभर तुम्ही दोघंच लिहा. आणि तिघांच्याही नावाने ठरावीक हातखर्च धरा. तो वहीत एका ओळीत येईल, पुढे कुठे गेला ते कुणी कुणाला विचारायचं नाही. त्यांनी नातवाला काय घेऊन दिलं, देवळात किती टाकले, ते त्यांचं.