तुमची कॉलेजची फी कोणी भरली? अनुभव सांगा

पर्वतीची_पायरी:
काल आईचं शिलाई मशीन भंगारात द्यायचं म्हणून खण रिकामा केला. बॉबिन, खडू, आणि तळाशी माझी एफ.वाय.ची फीची पावती! १९९१ची. मागे आईच्या अक्षरात पेन्सिलीने: मावशी २००, पाटीलबाई १५०, भिशी ५००. पाटीलबाई म्हणजे जिचे ब्लाउज आई शिवायची ती. त्या वर्षी दिवाळीत तिचे सहा ब्लाउज फुकट का शिवले ते आत्ता कळलं.
गंमत पुढे आहे. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या शिपाईमामांनी मला खिडकीतून बोलावून विचारलं, "ई.बी.सी.चा, कमी उत्पन्नवाल्यांच्या फीमाफीचा फॉर्म का नाही भरलास गं? वडिलांचा उत्पन्नाचा दाखला आण." झालं, फी माफ. पहिल्या वर्षी हे सांगणारं कोणी भेटलंच नाही.
तुमचं काय?

भोरकर:
दाखला म्हटलं की आधी तलाठी. भाऊसाहेब आज तालुक्याला, उद्या मीटिंगला, परवा जेवायला. चौथ्या दिवशी भेटले तर शिक्का घरी!! एसटीचंच भाडं फीएवढं झालं असेल 😂

आई_ऑन_ड्यूटी:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आता सगळं महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर. लेकाची शिष्यवृत्ती मंजूर दिसत होती, खात्यात एक रुपया नाही. दोन महिने बँकेत भांडले. शेवटी कळलं, आधार जोडलेल्या खात्यात पैसे जातात, आणि त्याचं आधार शाळेत असताना उघडलेल्या झीरो बॅलन्सच्या खात्यालाच जोडलेलं. पैसे तिथे आरामात पडलेले. आधी आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा गं बायांनो.

डेक्कन८७:
मी विद्यार्थी सहाय्यक समितीचा. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली, खेड्यातल्या मुलांची राहण्याजेवणाची सोय व्हावी म्हणून. मुलाखतीत विचारलं, घरी जनावरं किती? म्हटलं एक गाय, तीही चुलत्याची. सगळे हसले, मला रडू आलं. प्रवेश मिळाला.

पिठलंभाकरी:
@डेक्कन८७ जेवण कसं होतं हो? आमच्या सदाशिव पेठेतल्या मेसला आमटीत डाळ शोधावी लागे. रविवारी फीस्ट, म्हणजे एक गुलाबजाम. रात्री मेस बंद, मग सुकडी.

डेक्कन८७:
गुलाबजाम? श्रीमंत होता की तुम्ही.

रानभाजी:
विद्यापीठात कमवा आणि शिका. बागेत गवत काढायचं, तासावर पैसे. वर्गातली मुलगी समोरून आली की मी झुडपामागे. एकदा तीच खुरपं घेऊन शेजारी बसली, तीही त्याच योजनेत. (नाही, लग्न नाही झालं. सगळे विचारतात.)

पिठलंभाकरी:
विचारणारच होतो 🙈

सिंहगड_रोड:
माझी मुलगी या वर्षी इंजिनिअरिंगला. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा), ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधी निम्मी होती. प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून हवा. तरी कॉलेजात काउंटरवरच्या बाई म्हणे, "आधी भरा, मग बघू." मी जीआरची प्रिंट पुढे सरकवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाल्या, साहेब जेवायला गेलेत. साहेब पावणेचारला आले. काम झालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पोरीला अजून चार वर्षं काढायचीत तिथे.

भोरकर:
प्रिंट न्यायची आयडिया 👌 आमच्याकडे नॉन क्रिमिलेअरच्या (ओबीसी सवलतीसाठीच्या उत्पन्नाच्या) दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली, लक्षातच नाही. सेतू केंद्रात पुन्हा रांग.

निवांत_कोथरूड:
मी कर्ज काढलं. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, तरी मॅनेजर बाबांना घराचे कागद मागत होता. बाबांनी आयुष्यात उधारीवर पेपरसुद्धा घेतला नव्हता. सही करताना हात थरथरला, इंग्रजीत करायची ती मराठीत केली, मग सगळा फॉर्म परत. शेवटचा हप्ता गेला तेव्हा ते नव्हते.

आई_ऑन_ड्यूटी:
अरेरे. बाबांना नमस्कार रे.
चार शिट्ट्या झाल्या, डाळीचा लगदा. असो.

पर्वतीची_पायरी:
वाचतेय सगळं. पाटीलबाई आहेत अजून, सहकारनगरला असतात. फोन केला तर म्हणाल्या, "कसले दीडशे? मला आठवत नाही." मग म्हणाल्या, ब्लाउज मात्र छान बसायचे.
बरं, ही पावती लॅमिनेट करू का? पेन्सिल उडेल का?

रानभाजी:
करू नका! आधी फोटो काढा. आणि मशीन भंगारात देऊ नका हो ताई, माझी बायको नेईल.