उंच चालकासाठी पहिली मोटरसायकल : सासवड ते खराडी, रोज घाटातून

प्रश्न – पुरंदरचा_उंट

नमस्कार. माझी उंची 6 फूट 3 इंच आणि वजन 92 किलो आहे. आजवर घरची स्कूटर चालवली. गिअरची गाडी मित्रांची, तीही गावातल्या गावात. पुढच्या महिन्यापासून नोकरीसाठी सासवडहून दिवे घाट उतरून फुरसुंगी, हडपसर, मुंढवा असे करत खराडीला जायचे आहे. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतील. स्कूटरवर हँडल वळवताना ते गुडघ्याला लागते आणि सपाट रस्त्यावर अर्ध्या तासातच कंबर बोलू लागते, त्यामुळे तिच्यावर हा प्रवास शक्य नाही.

सर्व खर्च धरून सव्वादोन ते अडीच लाखांपर्यंत तयारी आहे. घरच्यांचे मत 'बुलेटच घे, तुला तीच शोभेल' असे आहे. शोभेपेक्षा संध्याकाळी घरी आल्यावर पाठ सरळ राहणे मला महत्त्वाचे वाटते. ब्रोशरमधली सीटची उंची पाहून निवड करावी काय, की आणखी काही पाहावे?

उत्तर – वडकी_फाटा

ब्रोशरमध्ये छापलेली सीटची उंची जमिनीपासून मोजलेली असते. पाय टेकतील की नाही, ही ज्याला चिंता आहे त्याला ती उपयोगी. तुम्हाला ती चिंता नाही. उंच माणसाचे गुडघे दुखवते ते सीट आणि फूटरेस्ट यांमधले अंतर, आणि तो आकडा कंपन्या सहसा छापत नाहीत. सीट उंच असूनही फूटरेस्ट तितकेच वर बसवलेले असतील, तर मांडी आणि पोटरी यांचा कोन आवळलेलाच राहतो.

म्हणून शोरूममध्ये गाडी कोणाला तरी सरळ धरायला सांगा आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून चांगली दहा मिनिटे बसा. विक्रेता बोलत असेल तर बोलू द्या. गुडघे टाकीच्या खोबणीत बसतात की खोबण संपल्यावर पुढच्या कडेला घासतात ते पाहा, मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. वडकीच्या खाली वळताना किंवा हडपसरच्या गर्दीत ते गुडघ्याला अडले, तर गाडी कितीही देखणी असो, ती तुमची नव्हे. रोज वापरता तेच बूट घालून जा. मोठ्या पायाचा अंगठा गिअरच्या दांड्याखाली अडकतो. पण यावर सोपा उपाय आहे. बोल्ट सैल करून दांडा एक दाता वर चढवला की काम होते.

तुमच्या बजेटमध्ये मी प्रथम सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सवर बसून पाहीन. सीट 835 मिमी, वजन 167 किलो, इंजिन 249 सीसीचे, आणि टायर ट्यूबलेस. हीरो एक्सपल्स 200 त्याहून स्वस्त व हलकी असून तिची सीट 825 मिमी आहे, परंतु तिच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते. घाटाच्या मधोमध अंजिरांच्या टेम्पोमागे पंक्चर झाले, तर चाक खोलण्यावाचून गत्यंतर नाही. बुलेटच्याच कंपनीच्या, म्हणजे रॉयल एनफील्डच्या, क्लासिक 350 ची सीट 805 मिमी असली तरी बैठक ऐसपैस आहे, फक्त 195 किलोचे धूड रोज सिग्नलला पेलायची तयारी हवी. त्यांच्याच हंटर 350 कडे उंचीमुळे फिरकूही नका.

रॉयल एनफील्डचीच हिमालयन 450 सुचवणारे येतीलच. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर 18 टक्के आणि त्यापुढे 40 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ती तुमच्या हिशेबाबाहेर जाते.

उत्तर – साधी_गाडी

वरील उत्तरातील बैठकीचा भाग मला मान्य आहे. गाडीची निवड मात्र नाही. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर हा माणूस दीड हजार किलोमीटर चालवणार आहे. लिटरला पन्नास देणाऱ्या गाडीला तीस लिटर लागतील आणि पस्तीस देणाऱ्या गाडीला त्रेचाळीस. पेट्रोल शंभराच्या वर असताना हा फरक दरमहा तेराशे रुपयांच्या पुढे जातो. वर्षाला अठरा हजार किलोमीटर म्हणजे सर्व्हिसिंग, चेन आणि मागचा टायरही लवकर दारात उभा राहतो, आणि मोठ्या गाडीचे हे सगळे महाग असते.

होंडा युनिकॉर्न घ्या. वजन सुमारे 140 किलो, टाकी 13 लिटरची, बसण्याची ढब सरळ, आणि गिअर शिकताना चूक झाली तरी सांभाळून घेणारे इंजिन. तिची बैठक तुम्हाला थोडी आखूड पडेल हे खरे. त्यासाठी नाना पेठेतल्या सीटवाल्याकडून मधला खड्डा भरून, घट्ट फोम टाकून सीट इंचभर वर घ्यावी. गुडघ्याला तेवढा इंच पुष्कळ असतो. चासी, हँडल किंवा फूटरेस्ट यांना हात लावू नये, कारण गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही.

प्रश्नकर्ता – पुरंदरचा_उंट

दोघांचेही आभार. आज युनिकॉर्न आणि व्ही-स्ट्रॉम या दोन्हींवर बसून आलो. युनिकॉर्नवर हँडल अडले नाही, पण गुडघे टाकीच्या रुंद भागावर आले आणि पाचव्या मिनिटालाच मी मागच्या सीटवर सरकलो. व्ही-स्ट्रॉमवर सरकावेसे वाटले नाही. तिची वारा अडवणारी पुढची काच मात्र माझ्या छातीइतकीच आहे. पठारावर वाऱ्याचे काय होईल?

उत्तर – वडकी_फाटा

काचेवरून उसळलेला वारा उंच चालकाच्या थेट हेल्मेटवर आदळतो आणि डोके हलत राहते. दिव्याच्या पठारावर आषाढात तर विचारूच नका. लगेच उंच काच विकत घेऊ नका; आधी आहे ती काढून एक फेरी मारून पाहा. बऱ्याच उंच लोकांना छातीवर येणारा सरळ वारा अधिक सुसह्य वाटतो. टेस्ट राइड शोरूमच्या गल्लीत न घेता साठ-सत्तरच्या वेगाच्या रस्त्यावर मागा, म्हणजे हे तिथेच कळेल.

साधी_गाडी यांचा खर्चाचा हिशेब बरोबर आहे, पण दोन तास रोज मागे सरकून बसणाऱ्याला तो लागू करता येत नाही.

उत्तर – लायसन्स_आहे_का

एक गोष्ट कोणी विचारली नाही. तुमचा परवाना विनागिअर दुचाकीचाच असेल, तर मोटरसायकलसाठी वेगळा वर्ग जोडून घ्यावा लागेल. सरकारच्या 'सारथी' संकेतस्थळावर आधी शिकाऊ परवाना काढा. त्यानंतर तीस दिवस गेल्यावर चाचणी देता येते आणि तो सहा महिने चालतो. नोकरी पुढच्या महिन्यात असेल तर गाडीच्या बुकिंगआधी हा अर्ज करा. शोरूमच्या दरपत्रकात पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरलेला आहे ना, हेही पाहून घ्या. नव्या दुचाकीला तो सक्तीचा आहे आणि जाहिरातीतल्या किमतीत तो नसतो.