नेपाळ आणि भूतान : दोन्ही हिमालयातलेच, मग राहणीमानात एवढा फरक का?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही निवृत्त मंडळींच्या ग्रुपबरोबर भूतानला जाऊन आलो. थिम्फू, पुनाखा, पारो. त्याच्या काही वर्षं आधी पशुपतिनाथाच्या निमित्तानं काठमांडू आणि पोखरा झालं होतं. परत आल्यापासून घरात वाद पेटलाय. आमच्या ह्यांचं म्हणणं, भूतानी माणसाला शिस्त आहे, नेपाळ्याला नाही, विषय संपला. काठमांडूतली धूळ, टँकरच्या रांगा, डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी एकीकडे आणि थिम्फूतले ते चकाचक रस्ते दुसरीकडे.

मला हे काही पटत नाही. आमच्या कोपऱ्यावर एक नेपाळी जोडपं चायनीजची गाडी लावतं. बाजुरा जिल्ह्यातले आहेत. दुपारी तीनला कोबी चिरायला बसतात ते रात्री बाराला कढई घासूनच उठतात. पोरगी तिथंच स्टुलावर बसून गृहपाठ करते, मराठी शाळेतला. त्या दोघांना शिस्त नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

टूरवाल्यानं दाखवलं तेवढंच आम्ही पाहिलं. तिथं राहून काम केलेलं कुणी आहे का इथं? साध्या माणसाला दवाखाना, शाळा, पाणी, नोकरी कशी मिळते ते सांगा. आनंदाच्या निर्देशांकाचं पुराण नको, ते गाईडनं पुरेसं ऐकवलंय.

तांबडा_पांढरा

काकू, भूतान म्हणजे नाद खुळा! पारोत झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडी थांबते. आपल्या दसरा चौकात ठेवून बघा. राजा चांगला असला की सगळं मार्गी लागतं, आपल्याला शाहू महाराज होते तसं. नेपाळनं राजा घालवला आणि बसले सरकारं पाडत. काकांचं बरोबर आहे.

गारगोटीकर

मी जलविद्युत प्रकल्पांच्या बोगद्यांच्या कामावर सर्व्हेअर होतो. आधी भूतानात, वांगदूच्या खाली पुनात्सांगछू नदीच्या काठावर. नंतर नेपाळात दोलखा जिल्ह्यात. दोन्हीकडे सकाळी टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, खांद्यावर घेऊन आत शिरायचं आणि अंधार पडल्यावर मेसमधली डाळ. त्यामुळं थोडंफार सांगू शकतो.

तांबडा-पांढरा भावा, राजाचं म्हणशील तर नेपाळातही २००८ पर्यंत राजाच होता. आणि त्याच्याआधी शंभर वर्षं राणा घराण्यातल्या पंतप्रधानांची सत्ता, ज्यांनी रयतेला शाळेची पायरी चढू दिली नाही. १९५१ ला राणा गेले तेव्हा तिथं शंभरातल्या पाचेक माणसांना लिहितावाचता येत होतं. तेव्हा नुसत्या राजानं भागत नाही, राजानं पैसा कुठं लावला ते बघावं लागतं. शाहू महाराजांचं नाव घेतलंस म्हणून सांगतो, राधानगरीचं धरण आणि सक्तीचं मोफत शिक्षण नसतं तर आपणही नुसते पुतळ्याला हार घालत बसलो असतो.

काकू, मला जे दिसलं ते एवढंच की भूतानात पैसा आधी सरकारच्या हातात पडतो, नेपाळात आधी घरात येतो. तुम्हाला दिसलेला फरक बराचसा इथून निघतो.

भूतानचं बघा. २०१७ च्या जनगणनेत माणसं सव्वासात लाख. आपल्या जिल्ह्याचा आकडा २०११ लाच पावणेएकोणचाळीस लाख होता. एवढ्या थोड्या माणसांमागे नद्या केवढ्या! त्यांच्यावरचे वीजप्रकल्प बघा, चुखा ३३६ मेगावॉट, ताला १०२०, मांगदेछू ७२०. वीज घेणारा भारत, पैसा लावणाराही भारत. चुखा आणि तालाला ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज असा हिशोब होता. पुढं तो उलटत गेला, मांगदेछूला ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज. विजेचं बिल थेट सरकारकडं जमा होतं आणि सरकार त्यातून दवाखाना, शाळा, रस्ता करतं. दवाखाना फुकट, आणि नुसता बोर्डावर फुकट नाही. आमच्या मेसमध्ये एक स्थानिक पोरगी कामाला होती. तिच्या आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन थिम्फूत होण्यासारखं नव्हतं, तर कोलकात्याला पाठवलं. खर्च सरकारचा. पोरीनं एक अर्ज लिहिला होता, बास. हे मी गारगोटीत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्याकडं अशा वेळी आधी गुंठा विकायला निघतो.

आता दुसरी बाजू. त्या चकाचक रस्त्यांपैकी बरेच आपल्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पानं बांधलेत, १९६१ पासून. रस्त्याच्या कडेला डांबराच्या पिंपाशेजारी पत्र्याच्या खोपटात राहणारी माणसं झारखंडची, बंगालची. तुमच्या ग्रुपच्या फोटोत ती येत नाहीत. आणि जी पोरगी सांगितली ती बारावी झालेली, इंग्रजी माझ्यापेक्षा फाकडू. सरकारी नोकऱ्या ठरावीकच आणि बोगद्यात घमेलं उचलायला ती पोरं येत नाहीत, का यावं? २०२२ मध्ये तिथल्या तरुणांतली बेकारी २८ टक्क्यांच्या वर गेली होती. ती पोरगी शेवटी नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली, पर्थला. शिक्षक गेले, नर्सा गेल्या, सरकारी कचेरीतली माणसं राजीनामा देऊन गेली. फुकट शिकवून तयार केलेली माणसं तिकडं म्हाताऱ्यांची सेवा करतात. राजानं दक्षिणेत गेलेफूला नवं शहर वसवायचं काढलंय, त्यामागचं एक कारण ही गळती.

विजेतही गोम आहे. एकाच टोपलीतली अंडी. पुनात्सांगछू-१ ह्या प्रकल्पाच्या धरणाचा उजवा डोंगर २०१३ ला घसरला आणि १२०० मेगावॉटचं काम वर्षानुवर्षं लटकलं. कर्जाचं व्याज काही लटकत नाही. शिवाय ह्या योजना वाहत्या पाण्यावरच्या, मागे मोठा साठा नाही. थंडीत नदी आटली की भूतान भारताकडूनच वीज विकत घेतं.

आता नेपाळ. त्रिभुवन विमानतळावर गेलात तर एक रांग नक्की बघा. कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि हातात कागदपत्रांची प्लॅस्टिकची फाइल धरलेली विशीतली पोरं. कतार, दुबई, सौदी, मलेशिया. उतरणाऱ्या विमानांतून कधी शवपेट्याही येतात, तेही मी पाहिलंय. ह्या पोरांनी धाडलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या पावपट आहे. एवढा पैसा येऊन रस्ता का होत नाही? कारण तो आईच्या किंवा बायकोच्या नावावर येतो आणि घरातच जिरतो.

दोलख्यात मी भाड्यानं राहायचो त्या घराचं सांगतो. २०१५ च्या भूकंपात जुनं दगडमातीचं घर बसलं. सरकारनं तीन हप्त्यांत तीन लाख नेपाळी रुपये दिले. तेवढ्यात पायासुद्धा धड होत नव्हता. धाकटा कतारला होता, त्याच्या पैशानं दोन मजले उठले आणि तिसऱ्यासाठी सळ्या वर काढून ठेवलेल्या. घरात गॅस होता, वर इंडक्शनची शेगडीपण, कारण भारताच्या सीमेवरच्या २०१५ च्या नाकाबंदीत सिलिंडरसाठी म्हातारीचे जे हाल झाले ते ती विसरली नव्हती. नातवंडं इंग्रजी ‘बोर्डिंग’मध्ये, म्हणजे खासगी शाळेत, पिवळी बस न्यायला यायची. आणि ती बस घरापर्यंत येत नव्हती, कारण शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता पावसाळ्यात नुसता राडा. पोरं बूट हातात घेऊन खाली उतरायची. घर पक्कं, शाळा महाग, रस्ता गायब. नेपाळ असंच आहे. मागची पायऱ्यांची शेती निम्मी पडीक, कारण नांगर धरायला घरात गडी नाही आणि पेरलं तर माकडं ठेवत नाहीत.

तरी नेपाळ्यांना शिस्त नाही हे काकांना म्हणू देऊ नका. त्या गावात पन्नाशीची एक बाई आरोग्य स्वयंसेविका होती. सुती पिशवीत लोहाच्या गोळ्या, एक वही आणि गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचे दिवस तोंडपाठ. पगार नाही. अशा बायका देशभर पन्नास हजारांच्या आसपास, १९८८ पासून. बाई दवाखान्यात बाळंत झाली की सरकार प्रवासाचे पैसे देतं आणि उंच डोंगरातल्या बाईला तराईतल्या, म्हणजे दक्षिणेच्या सपाटीवरच्या, बाईपेक्षा जास्त. दर लाख जन्मांमागे आईचे मृत्यू १९९६ च्या सुमाराला ५३९ होते, २०२१ ला १५१. मधली दहा वर्षं माओवाद्यांचं युद्ध, सतरा हजार माणसं मेली, तरी हे काम थांबलं नाही. आपल्या भुदरगडात अजून पावसाळ्यात धनगरवाड्यावरून बाळंतिणीला डोलीतून खाली आणावं लागतं, म्हणून मला ती वही जास्त लक्षात राहिली.

भूगोलाच्या_बाई

गारगोटीकर, छान लिहिलंत. थोडी भर घालते, कारण ह्या दोन देशांची तुलना वर्गात फार ढोबळ होते.

मानव विकास निर्देशांकात, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून काढलेल्या आकड्यात, २०२३ साठी भूतान ०.६९८, भारत ०.६८५, नेपाळ ०.६२२. म्हणजे भूतान आपल्याही पुढं. पण साक्षरतेत पारडं फिरतं. नेपाळ २०२१ ला ७६.२ टक्के, भूतान २०१७ ला ७१.४. जंगलाचं कौतुक फक्त भूतानचं होतं, कारण तिथल्या घटनेतच ६० टक्के वनाचं बंधन आहे. नेपाळनं मात्र उजाड झालेलं जंगल गावांच्या ताब्यात देऊन १९९२ च्या २६ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत ४५ वर नेलं, ते जास्त अवघड होतं. आणि नेपाळला सरसकट डोंगराळ म्हणू नका. निम्म्याहून जास्त लोक तराईच्या सपाटीवर राहतात.

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. भूतानच्या दक्षिणेतले नेपाळी बोलणारे एक लाखाहून अधिक लोक नव्वदच्या दशकात देशाबाहेर गेले, घालवले गेले. पूर्व नेपाळात झापा आणि मोरंगच्या छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत त्यांची एक पिढी वाढली. २००७ नंतर बहुतेक जण अमेरिकेत आणि इतर देशांत वसवले गेले. सरासरी काढताना ही माणसं ह्या दोन्हींपैकी कुठल्याच देशाच्या खात्यात धरली जात नाहीत.

तांबडा_पांढरा

हे माहीत नव्हतं बाई. पण नेपाळात तरी काय, परवा पोरांनी संसद पेटवली की.

गारगोटीकर

पेटवली, सप्टेंबर २०२५ ला. फेसबुक-यूट्यूब बंद केलं हे निमित्त. सत्तरच्या वर जीव गेले आणि पंतप्रधान ओलींना खुर्ची सोडावी लागली. पण त्या पोरांचा राग कशावर होता बघ. पुढाऱ्यांची मुलं परदेशात मजा करतात आणि आम्ही परदेशात विटा उचलतो, ह्यावर. आणि जिथं बापाचा फोन येतो तो मेसेंजर-व्हॉट्सअ‍ॅपवरच, तिथं तो बंद केल्यावर घरोघरी काय झालं असेल?

बाई म्हणतात ते खरं आहे. वांगदूला असताना ह्या विषयावर कुणी बोलायचं नाही. आमचा एक गाडीवाला दक्षिणेकडचा होता, नेपाळी बोलायचा. विषय निघाला की काच खाली करून पान थुंकायचा आणि गाणं लावायचा. दोलख्यात मात्र चहाच्या टपरीवर पंतप्रधानापासून वॉर्ड अध्यक्षापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा, आणि तोही वॉर्ड अध्यक्षाच्या देखत.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे आभार. ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पैसा आधी कुठं येतो, ह्यावर थोडे विचारात पडलेत, पण झेब्रा क्रॉसिंग सोडायला तयार नाहीत.

एक खासगी विचारू का? भाचा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, जलविद्युतच्या कामावर जायचं म्हणतो. दोन्हीकडे संधी आहे म्हणे. कुठं पाठवावं?

गारगोटीकर

शिकायचं असेल तर नेपाळ. कामं लहानमोठी भरपूर, खासगी कंपन्या पुष्कळ, चूक निस्तरायला वरून कुणी येत नाही, त्यामुळं पोरगं लवकर तयार होतं. १९५० च्या करारामुळं आपल्याला व्हिसाही लागत नाही. पगार भारतीय रुपयात ठरवून घ्या म्हणावं. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, आकडा मोठा बघून पोरं फसतात.

वेळेवर पगार आणि बरी तब्येत हवी असेल तर भूतान. तिथं वर्क परमिट लागतं, ते कंपनीच काढते. परमिट हातात आल्याशिवाय सीमेवरच्या फुंत्शोलिंगच्या पुढं जाऊ नये. नोटांचा प्रश्न नाही, त्यांचा नगुल्त्रुम आणि आपला रुपया सारखाच. वांगदूकडं गेला तर दुपारी वारा असा सुटतो की ट्रायपॉड उभा राहत नाही, तेव्हा रीडिंग सकाळी दहाच्या आत उरकायला सांगा. आणि मेसमध्ये मिरच्यांची भाजी मिळेल, चीज घातलेली. कोल्हापूरचा आहे म्हणून फुशारकी मारून पहिल्याच दिवशी दोन वाट्या खाऊ नये.